उडत्या तबकड्यांची बनावट छायाचित्रे : लष्करी तपास

उडती तबकडी टिपल्याचा दावा करणाऱ्या छायाचित्रांची सैन्यदलांनी केलेली छाननी. परग्रहावरून कोणी आले का, हा लष्कराचा प्रश्न क्वचितच असतो. आपल्या हवाई हद्दीत शत्रूचे यंत्र शिरले का, एवढेच त्याला ठरवायचे असते. धोका नाही असे दिसले की फाइल मिटते. त्यामुळे छायाचित्र खोटे असले तरी ते कोणी आणि कसे रचले, हे पुष्कळदा अनुत्तरितच राहते.

अमेरिकेत 1947 च्या उन्हाळ्यात तबकड्यांच्या वार्तांचे पेव फुटले. तेथील वायुदलाने 1947 ते 1969 या काळात ‘प्रोजेक्ट ब्लू बुक’ व त्याआधीच्या प्रकल्पांखाली 12,618 नोंदी तपासल्या, त्यांतील 701 अनिर्णित राहिल्या. बाकीच्यांत ग्रह-तारे, फुगे व विमाने होती आणि काही उघड बनवाबनवी होती. कॅलिफोर्नियातील सांता आना येथे 1965 मध्ये काढलेली पोलरॉइड चित्रे वायुदलाने बनावट ठरवली. पोलरॉइडचे तपासण्याजोगे निगेटिव्ह सहसा उरत नाही, त्यामुळे तपासाचा मुख्य आधारच तेथे नव्हता.

निगेटिव्हवरही फार विसंबता येत नाही. एकाच निगेटिव्हवर दोन दृश्ये उमटवली असतील किंवा ती खरवडली असेल, तर प्रयोगशाळा ते ओळखते. पण दोऱ्याला टांगलेली किंवा हवेत भिरकावलेली थाळी कॅमेऱ्याने प्रामाणिकपणे टिपली, तर निगेटिव्ह अस्सलच असते. तज्ज्ञ म्हणतात, ‘निगेटिव्हमध्ये फेरफार नाही’. वर्तमानपत्रे छापतात, ‘तबकडी खरी’. सारा घोळ येथे होतो. अंतर ठाऊक नसेल तर वस्तूचा आकारही सांगता येत नाही: हातभर लांबची बशी आणि मैलभर लांबचे यान चित्रात सारखेच दिसू शकते.

ब्राझीलमधील बारा दा तिजुका प्रकरण याचा उत्तम नमुना आहे. ‘ओ क्रुझेइरो’ या साप्ताहिकाच्या एड केफेल यांनी 7 मे 1952 रोजी तबकडीची पाच छायाचित्रे घेतल्याचे सांगितले. वायुदलाच्या अधिकाऱ्यांनी जागेवर जाऊन पडताळणी केली आणि त्यांच्या कागदपत्रांचा हवाला समर्थक पुढे वर्षानुवर्षे देत राहिले. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड मेन्झेल यांनी मात्र उन्हाकडे बोट दाखवले. तबकडीवर प्रकाश एका बाजूने पडला होता, तर त्याच चित्रातील झाडांवर दुसऱ्या बाजूने. त्यासाठी प्रयोगशाळा लागली नाही, नजर पुरली.

बेल्जियममध्ये फसगत अधिक टिकली. 1989-90 मध्ये तेथे त्रिकोणी यानांच्या शेकडो वार्ता आल्या, मार्च 1990 मध्ये एफ-16 विमानेही धाडण्यात आली. पती-रेशेन गावातून आलेली एक पारदर्शिका त्या लाटेचे बोधचिन्हच बनली. ब्रुसेल्सच्या शाही लष्करी अकादमीतही ती तपासली गेली. लबाडी सापडली नाही. जुलै 2011 मध्ये ते चित्र काढणाऱ्यानेच दूरचित्रवाणीवर सांगून टाकले की तो रंगवलेल्या थर्माकोलचा तुकडा होता, त्यात दिवे बसवून तो टांगला होता. एकवीस वर्षे जे यंत्रांना जमले नाही ते एका कबुलीने झाले.

भारतात लष्कराचा मोठा तपास झाला तो लडाखमध्ये, पण तेथे बनवाबनवी नव्हती. 2012-13 मध्ये चीन सीमेवरील जवानांनी दिव्यांसारख्या वस्तूंच्या शेकडो नोंदी केल्या, टेहळणी ड्रोन असावेत असा संशय होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या वस्तू म्हणजे गुरू व शुक्र असल्याचे दाखवून दिले.

महाराष्ट्रात 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी आकाशात जळत जाणारी रेषा हजारो मोबाइलांनी टिपली. तेव्हाच्या औरंगाबादमधील एमजीएम अंतराळविज्ञान केंद्राचे संचालक श्रीनिवास औंधकर यांनी ती अग्निबाणाच्या अवशेषांची असावी असे सांगितले. त्यांनी त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या ‘इलेक्ट्रॉन’ अग्निबाणाचे नाव घेतले होते. प्रत्यक्षात तो चीनच्या चांग झेंग 3बी अग्निबाणाचा टप्पा असल्याचे कक्षेच्या नोंदींवरून पुढे आले. तोवर चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात आठ-दहा फूट व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले होते, त्यामुळे चित्रफिती खऱ्या की खोट्या, हा वाद कोणी घातला नाही.