बदलीचं पोर

पत्र्याची एक ट्रंक, एक वळकटी आणि गावातल्या कुणाच्या तरी खोलीचा पत्ता. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून मुंबईत गिरणीकामाला आलेल्या पोराजवळ एवढंच असायचं. कावसजी नानाभाई दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं अशी पोरं येतच राहिली. कोवळ्या वयात एवढ्या कष्टात ती उमेद कशी टिकवत? ज्याच्या त्याच्या स्वभावावर ते सोडलेलं नव्हतं. गिरणगावाने, म्हणजे गिरण्यांभोवतीच्या कामगार वस्तीने, त्याची सोय केली होती.

गिरणीत शिरलं म्हणजे नोकरी लागली, असं नव्हतं. आधी ‘बदली’ व्हावं लागे. पाळीच्या वेळेला दारात उभं राहायचं. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर त्याच्या जागी काम, नाहीतर आल्या पावली परत. कामावर घेणाऱ्या मुकादमाची, म्हणजे जॉबरची, मर्जी सांभाळावी लागे. १९३५ पासून मुंबईत बदलीवाल्यांची रीतसर नोंद होऊ लागली, तरी उद्याचा दिवस भरेल की नाही हा घोर काही सुटला नाही. आत गेल्यावर साच्यांचा कानठळ्या बसवणारा आवाज, हवेत कापसाचे तंतू. धोट्यात सूत ओवायचं तर विणकर ते तोंडाने ओढून घेत, आणि श्वासाबरोबर तंतू छातीत जात.

परतलेल्या पोराला गावकीची खोली होती. दहा-बाय-बाराच्या खोलीत एका गावची वीस-पंचवीस माणसं राहत, पाळीपाळीने झोपत. रातपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याची वळकटी गुंडाळली जाई. काम लागेपर्यंत नव्या पोराला गाववाले सांभाळून घेत.

पोटाची काळजी खाणावळवाली वाहायची. ती बहुधा गिरणी कामगाराचीच बायको किंवा विधवा असे. एका खोलीत पाटावर बसवून दोन वेळचं जेवण घालायची आणि महिनाभर उधारीवर खाऊ घालून पगाराला हिशेब करायची. कुणी गावी गेला तर तेवढ्या दिवसांचा खाडा धरायची. बदलीच्या पोराचा पगार अर्धाच निघाला तर तिच्याच घरात ओढाताण व्हायची. ती उधारीसाठी सावकाराच्या दारात जाई. पोरांच्या उमेदीची किंमत या बायांनी मोजली, आणि गिरणगावाच्या इतिहासात त्यांना फार कमी जागा मिळाली, याचं वाईट वाटतं. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हा कुठे त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं.

हसायला-गायला मात्र आधी वेळ लागतो, आणि तो लढून मिळवावा लागला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले. १८९० साली मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या रविवारावर पुढे किती काय उभं राहिलं! डबलबारी भजनं, लेझीम, आखाडे, परळच्या दामोदर हॉलमधली कामगारांची नाटकं. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. अण्णा भाऊ स्वतः गिरणीत राबलेले. वाटेगावहून आलेल्या या माणसाच्या डफावर गिरणगाव तासन्‌तास खिळून राही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. भोंगे थांबले, खाणावळींतली पानं घटली, कितीतरी जण ट्रंक उचलून गावी गेले. काही गावकीच्या खोल्या अजून लालबाग-परळच्या चाळींत आहेत. तिथे आता कुरिअरच्या आणि मॉलच्या नोकरीला आलेली पोरं उतरतात. भिंतीला ट्रंकांची चळत तशीच, आणि खुंटीला मृदंग.