वनहक्क कायदा : खानदेशातील अंमलबजावणीचा पाठपुरावा

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ प्रत्यक्षात लागू व्हावा, यासाठी जनसंघटनांनी खानदेशात चालवलेले काम. खानदेशाच्या उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेर हे तालुके आहेत. तिथल्या भिल्ल, पावरा, तडवी कुटुंबांच्या दृष्टीने हा कायदा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरचा हक्क.

१३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताबा असलेली वनजमीन, कमाल ४ हेक्टरपर्यंत, दावेदाराच्या नावे करता येते. ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती असा दाव्याचा प्रवास. खरी अडचण इथेच. पुराव्याअभावी दावा फेटाळला जातो. कारण लेखी कळले नाही, तर अपिलाची ६० दिवसांची मुदत दावेदाराच्या काय कामाची? म्हणून दावे भरून देणे, पंचनाम्याला हजर राहणे, वडीलधाऱ्यांचे जबाब नोंदवणे, अपील करणे, ही कामे मोर्च्याइतकीच मोलाची ठरतात.

या भागात प्रतिभा शिंदे यांच्या लोक संघर्ष मोर्चाने हा प्रश्न लावून धरला. नोव्हेंबर २०१८ मध्ये संघटनेचे आदिवासी शेतकरी ठाण्याहून पायी मुंबईच्या आझाद मैदानावर गेले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्यालाच स्थगिती मिळाली.