विट्याचे आर. डी. भंडारे आम्ही का विसरलो?

७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. तो दिवस आम्ही विद्यार्थी दिवस म्हणून साजरा करतो. त्याच जुन्या सातारा जिल्ह्यातले, म्हणजे आजच्या सांगलीतल्या विट्याचे आर. डी. भंडारे मात्र आम्हाला आठवतात ते फक्त काँग्रेसमध्ये गेलेले नेते म्हणून. ती टीका रास्तच आहे. पण त्याआधीचे भंडारे कुठे गेले?

महाराष्ट्र झाला त्याच साली, १९६० मध्ये, ते विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. समोर मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण, विट्याजवळच्याच देवराष्ट्र्याचे. एकाच मातीतले दोघे: एक सत्तेत, दुसरा बाबासाहेबांच्या चळवळीतून आलेला, जाब विचारणारा. मोर्चा पोलीस वाटेतच अडवतात. तारांकित प्रश्नाला मात्र मंत्र्याला उभे राहून तोंडी उत्तर द्यावे लागते, आणि त्याने टोलवले की पूरक प्रश्न असतोच. हे हत्यार आमच्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

१९६७ आणि १९७१ ला ते मुंबईतून काँग्रेसचे खासदार झाले. सभापती तालिकेवर असल्याने लोकसभेतल्या चर्चाही त्यांनी चालवल्या. कोणाला किती वेळ द्यायचा, हे आता आपला माणूस ठरवत होता. पण खुर्चीवरून प्रश्न विचारता येत नाही.

१९७३ मध्ये ते बिहारचे राज्यपाल झाले. राजभवनात प्रश्नोत्तराचा तास नसतो.