पुस्तक उघडं ठेवून परीक्षा

आपल्याकडे शाळेचा 'प्रोजेक्ट' म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातली चित्रं, चार्ट पेपर आणि आईबाबांचं जागरण. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात 16 शाळांमध्ये वेगळंच काही सुरू झालं. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सरकारी शाळांतलं सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांवर उभं केलं. मुलं गटानं प्रयोग करायची, शिवारात फिरायची, दिसलं ते लिहायची. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात प्रश्न असायचे, तयार उत्तरं नाहीत.

1978 मध्ये आयआयटीत शिकलेले अरविंद गुप्ता टेल्कोतून रजा घेऊन तिथे पोचले. सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. हा किस्सा सगळे सांगतात. (आम्हा इंजिनिअरांना तर तो फारच आवडतो.)

मला मात्र खरी हिंमत दिसते ती परीक्षेत. लेखी पेपरला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची, शिवाय प्रयोग करून दाखवायचा. पाठांतराला मार्कच नाहीत म्हटल्यावर वर्गात प्रयोग टाळून शिक्षकाला चालत नाही. पण परीक्षा बदलायची तर सरकारचा शिक्का लागतो. तो मिळाला, म्हणून 1978 मध्ये कार्यक्रम जिल्हाभर पोचला. पुढे 1982 पासून 'एकलव्य' संस्थेनं तो सांभाळला.

2002 मध्ये राज्य सरकारनंच तो बंद केला. तीस वर्षांच्या कामाला एक आदेश पुरला.