जमिनीचा दावा आणि नवा धर्म

छोटानागपूरचे मुंडा आणि उरांव आदिवासी ख्रिस्ती का झाले, याची दोन उत्तरे ठरलेली असतात. एक, मिशनऱ्यांनी आमिष दाखवले. दुसरे, त्यांना प्रकाश दिसला. दोन्ही उत्तरांत आदिवासी स्वतः काहीच ठरवत नाहीत, आणि तिथेच ती चुकतात. गोस्नर मिशनचे चार जर्मन मिशनरी १८४५ मध्ये रांचीला आले. पहिले बाप्तिस्मे झाले १८५० मध्ये, तेही चार उरांवांचे. आमिषाला भुलणारा समाज पाच वर्षे थांबत नाही. पुढे गावेच्या गावे चर्चकडे वळली, कारण जमीन हातची जात होती. पूर्वजांनी जंगल तोडून वसवलेली खुंटकट्टी जमीन कुळाच्या सामाईक हक्काची. ती जमीनदार आणि ठेका घेणारे ठिकादार गिळत होते, वर बेठबेगार, म्हणजे फुकटची सक्तीची मजुरी. कोर्टात भाषा परकी, वकील परका. अशा वेळी बेल्जियन जेझुइट धर्मगुरू कॉन्स्टंट लिव्हन्स १८८५ मध्ये तोरपा भागात आले, जमिनीचे कायदे समजून घेऊन रयतेच्या दाव्यांना मदत करू लागले, आणि काही वर्षांत हजारो लोक त्यांच्यामागे गेले.

मग ही श्रद्धा नव्हे, व्यवहार होता, असा आक्षेप येईल. पण ज्या माणसाचे शेत, पूर्वजांच्या समाधीशिळा आणि सरना, म्हणजे देवराई, एकाच गावात आहेत, त्याच्यासाठी देव आणि जमीन ही दोन खाती नसतात. शेत राखणाऱ्या देवावर विश्वास ठेवणे ही त्याच्या लेखी श्रद्धाच होती. म्हणून तर तिची परीक्षाही कडक होती. जमिनीसाठी अर्जविनंत्या करणाऱ्या, सरदार म्हणवणाऱ्या मुंडा पुढाऱ्यांना मिशनची साथ मिळेना, तेव्हा कित्येकांनी चर्च सोडले. बाप्तिस्मा घेतलेला, चाईबासाच्या जर्मन मिशन शाळेत शिकलेला बिरसा मुंडाही त्यांच्याच वाटेने बाहेर पडला. १८९९ च्या नाताळात त्याच्या माणसांनी चर्चवर बाण सोडले.

चर्चने हंडिया ही तांदळाची दारू सोडायला लावली, आखड्यावरचे, म्हणजे गावच्या नाचाच्या जागेवरचे, नाच बंद केले, ही हानी खरीच आहे आणि ती पुसता येणार नाही. पण चर्चमध्ये राहिलेल्यांनी शाळा सोडल्या नाहीत, जमिनीचा हट्टही नाही. बिरसाच्या उलगुलानानंतर, म्हणजे उठावानंतर, आलेल्या १९०८ च्या छोटानागपूर कुळ कायद्याने खुंटकट्टी हक्क मान्य केला. त्यासाठी मुंडांची जमीन-व्यवस्था सरकारला समजावून देणाऱ्यांत जॉन हॉफमन हे जेझुइट होते. ती व्यवस्था ते मुंडांच्या गावांत राहून, मुंडांकडूनच शिकले होते.