उशापायथ्याची गोष्ट

शरपंजरी पडलेल्या भीष्मांची आठवण निघाली, की अर्जुनाने बाण मारून काढलेला पाण्याचा झरा आपल्याला आधी आठवतो. पण पितामहांनी पाणी मागितले ते नंतर. त्यांचे पहिले मागणे उशीचे होते. सर्वांगाला बाणांचा आधार होता, मस्तक तेवढे खाली लोंबत होते. राजेलोकांनी मऊ मऊ उश्या आणल्या. त्या त्यांनी नाकारल्या. मग अर्जुनाने तीन बाण मारून मस्तक उचलून धरले, तेव्हा कुठे वृद्धाला समाधान वाटले. वीराला वीराची उशी मिळाली, हा कथेचा अर्थ खराच. पण आमच्यासारख्या संसारी माणसाला तीत आणखीही काही दिसते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे दुःख पुष्कळदा वीतभर उंचीचे असते. ती वीतभर उंची त्याला द्यायची कोणी आणि कशी, एवढाच प्रश्न असतो.

त्या वीतभर उंचीचा इतिहास आज सांगायचा आहे. दिवाळीच्या फराळाबरोबर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण वाचकहो, सणाला भरलेल्या कितीतरी घरांत आतल्या खोलीत एक खाट असते, आणि त्या खाटेपाशी बसणाऱ्या माणसाला दिवाळीतही सुट्टी नसते.

आपल्या पूर्वजांना याची जाण होती. चरकाने चिकित्सेचे चार पाय सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाच्या अंगी शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, प्रेम आणि स्वच्छता असावी, असेही तो सांगतो. सुश्रुताने तर जखमी माणसाची शय्या ऐसपैस असावी, अंथरूण नीट घातलेले असावे, एवढेच सांगून न थांबता, गोड बोलणाऱ्या मित्रांनी गोष्टी सांगून त्याच्या वेदनांचा विसर पाडावा, असे लिहिले आहे. मात्र रोग्याला उचलून बसविणाऱ्याची पाठ दुखू लागली तर काय, याचा विचार व्हायला पुढे पुष्कळ शतके जावी लागली.

माझ्या लहानपणी आजोबांना अर्धांगवाताचा झटका आला. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवल्या गेल्या. पाठीशी एक खुर्ची उलटी घालून तिच्यावर लोड रचला, झाले आमचे इस्पितळ! आई आजोबांना टेकवून बसवी, पेज भरवी. पेज संपेपर्यंत ते हातभर खाली घसरलेले असत. मग आई त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर ओढी. दिवसातून किती वेळा, ते कोणी मोजले नाही. महिन्याभरात आजोबांच्या माकडहाडावर जखम झाली. “सून नीट करीत नाही,” असे नात्यातल्या एका बाईंनी माजघरात म्हटलेले मी ऐकले. आईनेही ते ऐकले असावे. ती काही बोलली नाही.

दोष आईचा नव्हता, हे कळायला मला फार वर्षे लागली. तो विटांचा होता.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले, त्यात बिछान्यावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. रोग्याची खाट सोफ्याहून उंच नसावी, कारण चढ-उतार करण्यातच त्याची शक्ती संपते. उश्या पाठीला आधार देणाऱ्या असाव्यात, डोके पुढे ढकलणाऱ्या नसाव्यात, असे त्यांचे सांगणे. पुढे १९०० साली ब्रुकलिनचे शल्यवैद्य जॉर्ज रायर्सन फाउलर यांनी पोटात पू पसरलेल्या रोग्यांसाठी खाटेची डोक्याकडची बाजू उंच करण्याची रीत प्रसिद्ध केली. पू खाली ओटीपोटात उतरावा, हा हेतू. प्रतिजैविके आल्यावर तो हेतू मागे पडला. पण अशा बैठकीत श्वास मोकळा होतो, म्हणून रीत टिकली. आजही आपल्याकडे वैद्यकीय सामानाच्या दुकानात ‘फाउलर’ आणि ‘सेमी-फाउलर’ अशी नावे घेऊनच खाटा मागतात.

गंमत अशी, की ज्या खाटेला हे नाव मिळाले ती फाउलरसाहेबांची नव्हेच! सबंध खाट तिरपी केली, की रोगी पायथ्याकडे घसरतो, हे आमच्या आईला कळले तसे डॉक्टरांनाही कळले. १९०९ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील विलिस गॅच या तरुण शल्यवैद्याने बिजागऱ्यांनी जोडलेल्या भागांची एक चौकट वर्णन केली. पाठीचा भाग वर उचलता येई, आणि गुडघ्यांखालचाही. गुडघे उचलले गेले, की घसरण थांबे. पुढे त्याला हँडल आले, मग विजेची मोटर आली. पण मूळ कल्पना तीच राहिली.

त्याच १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभे केले. विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून रमाबाईंनी समाजाची बोलणी सोसली. परक्याचे अंथरूण आवरणे हे हलके काम मानले जात होते. तिकडे खाटेला बिजागरी मिळत होती, इकडे खाटेपाशी उभ्या राहणाऱ्या बाईला प्रतिष्ठा. दोन्हींची गरज सारखीच होती.

आजोबांच्या जखमेचे कारण आता चांगले कळलेले आहे. पाठ फार उंच केली आणि शरीर घसरले, की हाड खाली सरकते, कातडी मात्र चादरीला धरून जागीच राहते. मधल्या बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात, पिळवटतात. म्हणून आधी गुडघे उचलावेत, मग पाठ. जेवताना बसते करावे, जेवणानंतर निदान अर्धा तास तसेच ठेवावे, म्हणजे घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका कमी होतो. एरवी, डॉक्टरांनी वेगळे सांगितले नसेल तर, पाठ साधारण तीस अंशांपेक्षा वर नसावी. खाटेची उंची बदलता येत असेल, तर अंग पुसताना ती आपल्या कमरेइतकी घ्यावी आणि रात्री अगदी खाली उतरवावी. चाकांना खीळ घालायला विसरू नये.

पण यंत्रावर सारा भार टाकता येत नाही. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुट्मन यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांसाठी विभाग सुरू केला. असे रुग्ण तोवर पाठीच्या जखमांनी आणि मूत्राच्या विकारांनी दगावत. गुट्मन यांचा एक मुख्य उपाय अगदी साधा होता: दर दोन तासांनी, दिवसा आणि रात्रीही, रुग्णाची कूस बदलायची. हे माणसांच्या हातांनी होई, आणि त्याने माणसे जगली.

सुरक्षितपणासाठी बसविलेले कठडेही कधी उलटतात. कठडे असलेल्या खाटांत माणूस अडकल्याच्या ८०३ घटना अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००८ या काळात नोंदल्या गेल्या. त्यांत ४८० माणसे मेली. बहुतेक वृद्ध, दुबळी किंवा गोंधळलेली होती. कठडा असलाच तर गादी चौकटीत घट्ट बसलेली हवी, फट राहता कामा नये. आणि गोंधळलेल्या माणसाला कठड्यात कोंडण्यापेक्षा खाट खाली उतरविणे पुष्कळदा बरे.

शेवटी आईवरही ती वेळ आली. मी दोन हँडलांची खाट भाड्याने आणली. पहिल्या दिवशी गुडघ्यांकडचा भाग उचलला, मग पाठीचा. आई टेकून बसली. मी वाटीभर पेज भरविली. पेज संपली तरी ती होती तिथेच होती. हे तिच्या ध्यानात यायला क्षणभर लागला. तिने चादरीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “मामंजी किती रे घसरायचे!”

मी तिला गॅचची गोष्ट सांगितली. आजोबांच्या जन्माच्या सुमारासच ही युक्ती निघाली होती, पण आपल्या घरापर्यंत ती पोहोचली नव्हती. आणि ती जखम तुझ्या हातून झाली नव्हती, हेही सांगितले. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाली, “मग तेव्हाच कुणी सांगायचं होतंस.”

तेव्हा सांगायला कोणी नव्हते. म्हणून आता सांगितले. तुमच्या घरातल्या आतल्या खोलीत जी कोणी वाकून उभी असेल, तिला हे वाचून दाखवा. आणि फराळाचे ताट घेऊन घटकाभर तिच्या जागी तुम्ही बसा.