दुसऱ्या नंबरचा रिमोट

१५ जुलै १९८३ रोजी निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम विकायला काढला. किंमत १४,८०० येन. मासायुकी उएमुरा यांनी तो बनवला तेव्हा मालक हिरोशी यामाउची यांचा आग्रह एकच होता, यंत्र स्वस्त हवं. मग काटछाट झाली. सॉकेट म्हणजे जादा खर्च, म्हणून दोन्ही रिमोटच्या वायरी डब्यालाच कायमच्या जोडल्या. पहिल्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणं होती. दुसऱ्यावर ती नव्हती. तिथे बारकासा माइक आणि आवाज कमीजास्त करायची पट्टी होती.

त्या दोन बटणांशी माझं जुनं भांडण आहे. पंधराएक वर्षांनी हिंगणघाटला आमच्या घरी ‘व्हिडिओ गेम’ आला, आणि दुसरा रिमोट माझ्या वाट्याला आला.

आमचा गेम अर्थातच निन्टेन्डोचा नव्हता. फॅमिकॉमच्या चिपांच्या हुबेहूब नकला तैवानमध्ये होत होत्या. यूएमसी ही तिथली मोठी चिप कंपनीही त्या करायची. पुढे सगळं सर्किट एकाच चिपमध्ये मावलं आणि डबे आणखी स्वस्त झाले. मामाने आमचा डबा नागपूरला सीताबर्डीवरून आणला, हजाराच्या आतबाहेर. मूळ यंत्राला माइक होता, नकलेतून तो उडाला. गेलेली बटणं मात्र परत आली नाहीत. साचा जुनाच. त्यामुळे खेळ सुरू करणं आणि मध्येच थांबवणं, दोन्ही दादाच्या हातात.

एकदा तो बिघडला तेव्हा टीव्हीवाल्या मिस्त्रीने स्क्रू काढले. एवढा थोरला डबा, आणि आत तळहाताएवढी पाटी. पाटीवर डांबराचा थेंब पडावा तसा काळा ठिपका, म्हणजे ती चिप. बाकी सगळी हवा! बाबा बघतच राहिले. मिस्त्री म्हणाला, “पैसे मोजले त डबा त दिसला पाहिजे ना.” कंपन्यांनी आकार का ठेवला याचं इतकं सरळ उत्तर मला नंतरही कुठे वाचायला मिळालेलं नाही. यंत्र लहान करणं त्यांना जमलं होतं. पण लहान वस्तूला बाप पैसे देत नाही, हेही त्यांना कळलं होतं.

चित्राचा हिशेब वेगळाच. यंत्राला स्वतःचा पडदा नाही, हीच खरी बचत. महागडा पडदा घरच्यांनी आधीच घेतलेला असतो. आमचा पडदा ब्लॅक अँड व्हाइट होता. अँटेनाची वायर काढायची, गेमची लावायची आणि मुंग्यांमधून चित्र दिसेपर्यंत बटण फिरवत बसायचं. ‘कॉन्ट्रा’त पहिल्या खेळाडूची पँट निळी, दुसऱ्याची लाल. आमच्याकडे दोघेही राखाडी. एक मेला की आधी ‘तू मेला की मी मेले’ यावर वाद, मग पुढचा खेळ.

गर्दी झाली की गोळ्या लुकलुकायच्या, तोही दोष आमच्या टीव्हीचा नव्हता. फॅमिकॉमची चित्रचिप पडद्याच्या एका आडव्या रेषेवर आठच हलत्या आकृत्या दाखवू शकायची. नववी आली की कुणीतरी गायब. प्रोग्रामर त्यांना आळीपाळीने गायब करायचे, म्हणून ते लुकलुकणं. आणखी एक गंमत. जपानी टीव्हीवर चित्र सेकंदाला साठदा रंगायचं, आपल्याकडे पन्नासदा. पन्नासच्या हिशेबाने बनवलेल्या नकली चिपांवर तोच खेळ एक षष्ठांशाने सावकाश चालायचा. गाणंसुद्धा. मूळ वेगातला मारिओ मी पुढे मोबाइलवर पाहिला, तेव्हा त्याला कुणीतरी मागे लागलंय असं वाटलं.

आता हे डबे म्हणजे हसण्याचा विषय. ‘९९९९९९९ इन १’ लिहिलेल्या कॅसेटवर मीम होतात. होऊ देत. पण बाजारात तासावर गेम लावून देणारं एक दुकान होतं. दादा तिथे जायचा. मला कुणी मनाई केली नव्हती, मात्र आत मुलगी बसलेली मी एकदाही पाहिली नाही. अस्सल यंत्र आमच्या ऐपतीत नव्हतं आणि दुकान माझ्यासाठी नव्हतं. नकली, पोकळ, राखाडी डबा आला म्हणून मी खेळले. मे महिन्यातली दुपार, कूलरची घरघर, आई झोपलेली, आवाज अगदी बारीक. लोडशेडिंगला वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्या लेव्हलपासून, कारण खेळ साठवून ठेवायची सोयच नव्हती. तेवढ्यापुरते आम्ही दोघे समान.

१९९३ च्या डिसेंबरात निन्टेन्डोने फॅमिकॉमची नवी आवृत्ती काढली. आकार लहान, किंमत ६,८०० येन, अँटेनाच्या वायरीऐवजी एव्हीची पिन, म्हणजे चित्र स्वच्छ. रिमोट सुटे झाले आणि दोन्ही अगदी सारखे. दुसऱ्यावरही स्टार्ट आणि सिलेक्ट. आमचा डबा त्यानंतर कितीतरी वर्षांनी घरात आला, तरी नक्कल जुन्याचीच. मग मी एक पद्धत पाडली. दादा पाणी प्यायला उठला की त्याचा रिमोट उचलायचा आणि गेम पॉज करून तो मांडीखाली ठेवायचा.